पानात न मावणारा माळ

मार्वेलाने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, पिकअपच्या मागच्या उघड्या फळीवर पसरलेल्या कागदावर ती वाकली, आणि पुन्हा सरळ झाली. कागद कोराच राहिला. वाऱ्याने उडू नये म्हणून तिने त्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले होते, आणि सकाळपासून त्या कागदावर जे काही होतं ते एवढंच.

"छान आलंय," डेलबर्टमामा मागून म्हणाला. त्याच्या खांद्यावर ओकफळांचं अर्धं भरलेलं पोतं होतं. "दगड तर अगदी खरे वाटतात."

"मामा, जा ना तू."

"जातो. पण खाली सही कर हं. एवढी मेहनत, कुणी चोरून नेली तर?"

ओकांच्या सावलीत जुन्या चादरी पसरल्या होत्या, आणि त्यांच्यावर बायका पाय पसरून बसल्या होत्या. वरून फळं टपटपत होती. जी टपटपत नव्हती त्यांना लांब काठीने समजावलं जात होतं. एडिथआजी सगळ्यांत मोठ्या झाडाखाली बसून किडकी फळं वेगळी काढत होती. तिची बोटं एकीकडे चालत आणि कान दुसरीकडे. या माळावर कोण काय बोललं हे आजीला कळलं नाही, असं अजून एकदाही झालेलं नव्हतं.

पुस्तक अल्विनामावशीचं होतं. ती सॅन कार्लोसच्या, त्यांच्याच जमातीच्या वस्तीतल्या, हायस्कुलात शिकवायची, आणि या माळाबद्दल तिने इतकी वर्षं इतक्या मुलांना सांगितलं होतं की शेवटी लिहूनच काढलं. इथली झाडं, झरे, वयात आल्यावर इथे सोहळ्याला उभ्या राहिलेल्या मुली, जमिनीखाली खोल दडलेलं तांबं, ते हवं असलेली कंपनी, आणि अजून चालूच असलेला खटला, सगळंच. चित्रं मार्वेलाची. प्रकाशनाच्या लिंडहोमबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा वर्गातल्या भिंतीवरचं खारीचं चित्र बघून म्हणाल्या होत्या, "हे कुणी काढलं?" त्या दिवसापासून मार्वेलाच्या चालण्यातच फरक पडला. शाळेच्या कॅन्टीनमध्ये ती ताट घेऊन यायची तीसुद्धा सत्कार स्वीकारायला आल्यासारखी.

आणि सत्कार करण्याजोगं कामही तिने केलं होतं. ओकच्या सालीवरच्या भेगा, झऱ्याकाठचं गवत, पाट्यावर फळं दळणाऱ्या बायकांची मनगटं, एकेक पान असं उतरलं होतं की मावशी त्यावरून बोट फिरवत बसायची. राहिलं होतं ते मधलं, दोन पानांवर पसरणारं चित्र. तेच तिला येत नव्हतं.

लिंडहोमबाई दुपारी पोचल्या. भाड्याची पांढरी गाडी धुळीने तांबूस झाली होती. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, आजीच्या हातात आपला हात नीट, हलका ठेवला, मागच्या वेळी शिकल्या होत्या तसा. मग त्या फळीपाशी आल्या आणि कोऱ्या कागदावर वाकल्या.

"होईल," मार्वेला म्हणाली. "मी करणारच आहे."

"मला माहितीये तू करशील. पण पानं छपाईला जायची वेळ झाली, मार्वेला. मी थांबवून थांबवून किती थांबवणार?" त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. "म्हणून ऑफिसातल्या एका चित्रकाराकडून हे करून आणलंय. तुला आवडलं तर हे बघून तुझ्या हाताने काढ. नाहीच जमलं, तर हेच घालावं लागेल."

त्यांनी गुंडाळी उलगडली.

चित्र चांगलं होतं. हीच तर पंचाईत होती. आकाशातून बघावं तसा माळ, आणि माळाच्या जागी खड्डा. दोन मैल रुंद, कडा ढासळलेल्या, तळ दिसत नाही असा. कंपनी खालून तांबं काढत जाईल तशी वरची जमीन आत बसत जाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. चादरींवरच्या बायकांची बडबड एकदम थांबली.

आजी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. ती पिकअपपाशी आली, रोट्या गुंडाळून आणलेला टॉवेल उचलला, झटकला आणि त्या चित्रावर पसरला. अंगावर नीट पांघरूण घालावं तसा, कडा ओढून. मग ती परत आपल्या फळांकडे गेली.

लिंडहोमबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," अल्विनामावशी म्हणाली. "जे व्हायला नको ते आमच्यात तोंडाने बोलत नाहीत. बोललं की त्याला वाट सापडते. आणि चित्र तर तोंडापेक्षा मोठ्याने बोलतं."

"आईचं अगदी खरंय," डेलबर्टमामाने गंभीर चेहरा केला. "मी तर कित्येक वर्षं नव्या पिकअपचं चित्र काढतोय. अजून आली नाही, पण वाट शोधत असेल बिचारी."

"तुझं चित्र ट्रॅक्टरचं समजून ती दुसरीकडे गेली असेल," एक बाई चादरीवरून म्हणाली, आणि हसू पुन्हा सुरू झालं.

लिंडहोमबाई मात्र हसल्या नाहीत. त्या फळीच्या कडेवर टेकल्या. "मला पटतंय हो. पण माझी अडचण ऐका. लांबच्या गावातलं एखादं पोर हे पुस्तक उघडेल. त्याने हा माळ कधी पाहिलेला नाही. दोन मैल म्हटलं तर त्याला तो नुसता आकडा. काय जाणार आहे, केवढं जाणार आहे, हे त्याला दिसायला नको? मी खड्डा नाही दाखवला, तर दाखवू काय?"

मार्वेलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो खड्डा तिने काढला नाही तर कुणीतरी काढलेला तो खड्डा त्यांच्याच पुस्तकात, तिच्या खारीच्या आणि तिच्या झऱ्याच्या मधोमध जाऊन बसणार होता. आणि तिने काढला, तर आजी त्या पुस्तकाला कधी हात लावणार नव्हती. आजी रागावली नसती. नुसता हात लावला नसता.

"मला ते फिरून बघायचंय," ती एकदम म्हणाली. "म्हणजे केवढं आहे ते. कडेकडेने."

"दोन मैल रुंद म्हणजे कडेने किती, गणित येतं का तुला?" मामाने विचारलं.

"तुझी पिकअप आहे ना?"

"म्हणजे गणित येतं."

लिंडहोमबाईंच्या नकाशावर कंपनीने छापलेलं वर्तुळ होतं. जिथे चाकं जातील तिथे पिकअपने, जिथे जाणार नाहीत तिथे पायी, असे ते तिघं निघाले. मामा दर चढावावर गाडीला गोंजारत होता. मार्वेला मागे, हौद्यात उभी राहून टपाला धरून बघत होती. सुरुवातीला ती मोठमोठ्याने सांगत होती, तिथे ससा, तिथे मी पडले होते, तिथे मावशीचा चष्मा हरवला तो अजून कुठल्यातरी उंदराच्या नाकावर असेल. मग हळूहळू तिचं सांगणं विरत गेलं. वर्तुळ संपतच नव्हतं. खडक मागे पडले, ओढा मागे पडला, दुसरी ओकराई आली, ती ओलांडली, तरी ते अजून कडेवरच होते. लिंडहोमबाईंनी नकाशाची घडी घातली आणि मग तो उघडलाच नाही.

ते परतले तेव्हा कालवण उकळत होतं. गोमांस, रस्सा, आणि वरून मूठभर दळलेलं ओकफळांचं पीठ, ज्याने रस्सा दाट होतो आणि किंचित कडवट. आजीने वाडगा पुढे केला आणि नेहमीसारखं विचारलं,

"कुठून कुठून आलात?"

बाहेरून आलेल्याला आजी हे विचारतेच. अगदी दुकानातून मीठ आणलं तरी.

"आधी 'पाणी खडकाखालून डोकावतं'," मार्वेला तोंडात घास घेऊन म्हणाली. "तिथून चढलो ते 'तांबडे खडक रांगेने खाली उतरतात'. मग इथे."

"मग इथे?" आजीने एक फळ दाताखाली फोडलं. "आणि मधलं कुठे गेलं? गिळलंस?"

"मधे काही नाहीये, आजी."

चादरींवर खसखस पिकली. "मधे काही नाही म्हणे! अगं, 'कोल्हीण मागे वळून बघते' ओलांडल्याशिवाय इथे येता येतं का? उडत आलात?"

"आणि 'वारा इथे वळतो'?"

"ते त्याच्या आधी. आधी 'अस्वल बसून खातं', मग 'वारा इथे वळतो'."

"काही काय! अस्वल ओढ्याच्या पलीकडे."

"अस्वल पलीकडे असेल, खातं अलीकडे."

"आणि 'बाई पाटा ठेवून गेली'?" एका म्हाताऱ्या काकूने विचारलं. "ते कसं विसरली ही? माझ्या पणजीचीच ती गोष्ट."

"तुझी पणजी विसराळूच होती. पाटा कुणी विसरतं का?"

"विसरली नाही, ठेवून गेली! पुढच्या वर्षी यायचं होतं म्हणून. नावातच आहे ते. कान आहेत की फळं?"

लिंडहोमबाई वाडगा हातात धरून एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. "काय झालं?" त्यांनी मावशीला हळूच विचारलं.

"काही नाही. पोरीने रस्ता सांगताना जागा गाळल्या." मावशीने एकेक नाव त्यांना इंग्रजीत करून सांगितलं. सांगता सांगता तीच थांबली. "आमच्यात जागेचं नाव हे असं असतं. पूर्ण वाक्य. ज्याने नाव ठेवलं तो जिथे उभा होता तिथून जे दिसलं, ते. ऐकलं की तुम्हीही तिथेच उभ्या राहता."

मार्वेलाच्या हातातला वाडगा कलंडला. रस्सा तिच्या बुटावर सांडला, तिने तिकडे बघितलंही नाही.

ती धावत पिकअपकडे गेली. कोऱ्या कागदावरचे दगड तिने भराभर खाली टाकले, आणि एका कडेला, जिथे वर्तुळ सुरू व्हायचं होतं तिथे, खडकाखालून डोकावणारं पाणी काढलं. वाक्यात आहे तसंच. वरून नाही, आकाशातून नाही, वाकून बघणाऱ्या माणसाला दिसतं तसं. खाली बारीक अक्षरात नाव. मग खडक. मग मान वळवलेली कोल्हीण.

"आता काय?" ती ओरडली. "पुढे काय येतं?"

"'सावली आधी इथे पोचते'!" झाडाखालून उत्तर आलं.

"कुठे, डावीकडे?"

"डावीकडे काय? सकाळी डावीकडे!"

मग फळं वेचणं राहिलंच. एकेक करून बायका उठल्या आणि पिकअपभोवती गोळा झाल्या. कुणी चष्मा पुसला, कुणी दुसरीच्या डोक्यावरून वाकलं. दोघींचं एका उतारावरून इतकं जुंपलं की मामाला साक्षीला बोलावलं, आणि मामाने 'डेलबर्ट इथे घसरला' अशी एक जागा आहे आणि ती काढलीच पाहिजे असा हट्ट धरला. ती काढली नाही. कागद संपला. मावशीने चिकटपट्टीने दुसरा जोडला, मग तिसरा, मग एक खालच्या बाजूला. फळी पुरेना म्हणून कागद चादरीवर आला. वर्तुळाची रेघ मार्वेलाने कुठेच ओढली नव्हती. तरी ते वर्तुळच होतं, काठोकाठ भरलेलं, आणि अजून नावं येतच होती.

मधोमध तळहाताएवढी जागा उरली. मार्वेलाला तिथलं नाव माहीत होतं. गेल्या वर्षी तिच्या सोहळ्याला, पायांत पेटके येईपर्यंत नाचली तेव्हा, ती तिथेच उभी होती. तिने पेन्सिल टेकवली.

आजीचा हात कागदावर आला. सुरकुतलेला, पिठाने पांढरा, बरोबर त्या जागेवर.

"इथे नको," आजी म्हणाली.

"पण आजी, सगळं भरलंय. मग फक्त हेच..."

"हं."

मार्वेलाने पेन्सिल उचलली. आजीने हात काढला. कागदावर पिठाचा पुसट ठसा राहिला, तो मावशीने फुंकून घालवला. लिंडहोमबाई विचारणार होत्या. त्यांनी ओठ उघडलेही. मग मावशीकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि ओठ मिटले. जरा वेळाने त्या टॉवेलापाशी गेल्या, खालचं चित्र टॉवेल न उचलता ओढून काढलं आणि गुंडाळून गाडीत टाकलं.

"हे एवढं उलगडणारं पान," त्या म्हणाल्या, "छपाईवाले मला शिव्या घालतील."

"घालू दे," डेलबर्टमामा म्हणाला. "आमच्याकडे शिव्यापण पूर्ण वाक्यात असतात. उलट द्यायला दोन-चार देऊ का लिहून?"

थंडी पडायला लागल्यावर पुस्तक आलं. माळ अजून जागच्या जागी होता, खटलाही. शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या रिंगखाली खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्या पुरल्या नाहीत, तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मावशीने वाचलं. मार्वेलाने नवा लांब, फुलाफुलांचा झगा घातला होता, आजीने शिवलेला, आणि ती बोलली, इतकी बोलली की मावशीने दोनदा घड्याळ दाखवलं. मग मधलं पान उलगडलं. ते धरायला तिच्या वर्गातल्या तीन मुली पुढे आल्या, तरी एक कोपरा लोंबतच होता.

म्हातारी माणसं पुढे सरकली. आधी कुणीतरी एक नाव वाचलं, पुटपुटत. दुसऱ्याने त्याच्या पुढचं. मग ती पान बघत नव्हतीच, नुसती म्हणत होती, एकातून दुसरीकडे, झऱ्यावरून खडकावर, खडकावरून ओकराईत, आणि तरुण पोरं, ज्यांना निम्मी नावं येत नव्हती, तीसुद्धा मागोमाग म्हणायला लागली. त्या लाकडी जमिनीवर एकदम सगळ्यांच्या पायांना माती लागल्यासारखं झालं. "अस्वल अलीकडे छापलंय!" कुणीतरी विजयी आवाजात ओरडलं. "मी सांगत नव्हते?"

शेवटी प्रश्न. दोन-तीन झाले. मग मागून एक माणूस उठला. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामा वाडगा. कार्यक्रमाआधी वाढलेलं कालवण त्याने दोनदा घेतलं होतं. कंपनीचा होता. सगळे ओळखत होते, त्यानेही ते लपवलं नाही.

"पुस्तक फार सुंदर झालंय," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. "मला एकच विचारायचंय. एवढ्या मोठ्या चित्रात मधे एक पांढरी जागा सोडलीय. पवित्र जागा ती आहे का? म्हणजे, नेमकी तीच? तेवढी जर आम्हाला सांगितलीत, तर तिला कुंपण घालता येईल. तिला धक्का लागणार नाही. मी स्वतः वर कळवतो. खरंच, मनापासून सांगतो."

तो मनापासूनच सांगत होता. माइक मार्वेलाच्या हातात होता. उत्तर तिच्या जिभेवर होतं, एक नाही, पाच-सहा, एकाहून एक सरस. ती पुढे झुकली, श्वास घेतला.

आणि थांबली. तिने माइक किंचित खाली घेतला. भिंतीशी उभे असलेले, खुर्च्यांवर बसलेले, पान धरून हात भरून आलेल्या मुली, कुणीच काही बोललं नाही. तो माणूस वाट बघत राहिला. नम्रपणे, वाडगा दोन्ही हातांत धरून.

पहिल्या रांगेत आजी बसली होती. तिने हनुवटी उचलली आणि ओठ पुढे काढले, त्यांच्यात वाट दाखवताना काढतात तसे, बोट न दाखवता. ओठांचा तो रोख तिने चित्राच्या एका टोकावर ठेवला, जिथे पाणी खडकाखालून डोकावतं. मग मान हळूहळू वळवायला लागली. खडकांवरून. कोल्हिणीवरून. पाट्यावरून. तिला कसलीच घाई नव्हती. पांढऱ्या जागेवर ती इतर जागांपेक्षा जास्त थांबली नाही, कमीही नाही. तशीच पुढे गेली, ओढा ओलांडून, दुसऱ्या ओकराईतून, पार लोंबणाऱ्या कोपऱ्यापर्यंत. तिथे पोचल्यावर तिने ओठ मिटले आणि बाहीतून रुमाल काढून नाक पुसलं.

त्या माणसाने आजीकडे बघितलं, मग ती जिकडे बघत होती तिकडच्या भिंतीवरच्या स्कोअरबोर्डाकडे बघितलं, मग पुन्हा मार्वेलाकडे. डेलबर्टमामा खोकल्याची उबळ आल्यासारखा खुर्चीत वाकला. बाजूला लिंडहोमबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

मार्वेलाने माइक वर घेतला.

"पुढचा प्रश्न?" ती म्हणाली.